कट कुठे मारला ते पाहा: जुन्या चित्रपटांविषयी वाचकांचे प्रश्न

‘प्रत्येकाने एकदा तरी पाहावेत असे जुने चित्रपट’ या विषयावर प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यातले काही इथे घेतले आहेत. मी समीक्षक नाही. माझं सगळं काम संकलनाच्या टेबलावर झालं: फिल्म कापायची, जोडायची, चालवून पाहायची, पुन्हा उसवायची. त्यामुळे दृश्य कुठे सुरू झालं, कुठे तोडलं आणि काय दाखवायचं टाळलं, याकडे माझं लक्ष आधी जातं. उत्तरंही त्याच अंगाने देते आहे.

प्रश्न: इंटरनेटवर ‘पाहायलाच हवेत’ अशा शंभर-शंभर चित्रपटांच्या याद्या आहेत आणि प्रत्येक यादी वेगळी. मी पंचविशीत आहे, जुनं काहीच पाहिलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’पासून (१९५७) करा. दीड तासाच्या जरा वर, ९६ मिनिटांचा चित्रपट. एका मुलावर वडिलांच्या खुनाचा आरोप आहे आणि बारा ज्यूरर (निकाल द्यायला बोलावलेले सामान्य नागरिक) एका खोलीत बसून तो दोषी की निर्दोष हे ठरवताहेत. अकरा जणांचं मत झालेलं आहे, एकाचं नाही. एवढंच. कुठला काळ, कुठला देश याची पूर्वतयारी लागत नाही. सिडनी लुमेट यांचा हा पहिलाच चित्रपट. एका खोलीत दीड तास काढायचा म्हणजे प्रेक्षक कंटाळणार, ही भीती कुणालाही वाटली असती. लुमेटनी त्या बंद खोलीचाच उपयोग करून घेतला. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेपेक्षा उंचावर आहे, मधल्या भागात नजरेच्या पातळीवर येतो, शेवटच्या भागात खाली जातो. भिंगंही हळूहळू जास्त लांब पल्ल्याची होत जातात, त्यामुळे मागच्या भिंती माणसांच्या अंगावर आल्यासारख्या वाटतात आणि शेवटी शेवटी छत दिसू लागतं. पाहताना हे कळत नाही. जीव घुसमटतो, एवढं कळतं. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा कॅमेऱ्याची उंची बघा.

त्यानंतर ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८). युद्धानंतरचं रोम. आंतोनियोला पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, पण अट अशी की स्वतःची सायकल हवी, आणि सायकल गहाण पडलेली. त्याची बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते, त्या गहाण ठेवते आणि सायकल सुटते. आता त्या गहाणखान्यातलं दृश्य नीट पाहा. कर्मचारी त्यांच्या चादरींचं गाठोडं उचलतो आणि मांडण्यांवर चढू लागतो. चढतो, आणखी चढतो. वरपर्यंत नुसती चादरींची गाठोडी. शहरातल्या किती घरांनी अंथरूण गहाण टाकून दिवस काढलेत हे कुणीही सांगत नाही, कॅमेरा फक्त त्या माणसाबरोबर वर जातो. दिग्दर्शक व्हित्तोरियो दे सिका यांनी आंतोनियोच्या भूमिकेत कारखान्यातला एक खराखुरा कामगार घेतला होता, लाम्बेर्तो माज्जोरानी. चित्रपटात त्याला चालताना पाहा, मग मला काय म्हणायचंय ते कळेल.

यादीची धास्ती बाळगू नका. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरातल्या समीक्षकांची मतं घेतं. १९५२ मध्ये पहिला क्रमांक होता ‘बायसिकल थीव्ह्ज’चा, तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता. १९६२ पासून २००२ पर्यंत ‘सिटिझन केन’. २०१२ मध्ये हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’, जो १९५८ मध्ये आला तेव्हा अनेकांच्या पसंतीस उतरला नव्हता. २०२२ मध्ये शांताल आकेरमान या दिग्दर्शिकेचा ‘जान दीलमान’. चित्रपट तेच राहिले, मतं देणारी माणसं आणि त्यांच्या गरजा बदलल्या. तुमची यादी तुम्ही करा.

प्रश्न: मोठ्या उत्साहाने ‘पथेर पांचाली’ लावला आणि वीस मिनिटांत मोबाइल हातात घेतला. हा संथपणा सोसवत नाही. दोष माझा की चित्रपटाचा?

दोष कुणाचा नाही, सवयीचा प्रश्न आहे. आजच्या बऱ्याच मारधाडीच्या चित्रपटांत एक शॉट तीन-चार सेकंदांपुढे टिकत नाही. डोळ्याला दर तीन सेकंदांनी नवं काहीतरी मिळायची सवय लागली की दहा सेकंदांचा शॉट रिकामा वाटतो. तो रिकामा नसतो. त्यात तुमच्यासाठी जागा ठेवलेली असते, आणि तुम्हाला तिथे काय करायचं ते अजून उमगलेलं नसतं.

या चित्रपटातल्या दोन जागा दाखवते. पुढचं कळलं तरी बिघडत नाही, ही गोष्ट रहस्याची नाही. दुर्गा, अपूची थोरली बहीण, पावसात भिजून तापाने जाते. वडील हरिहर कामाच्या शोधात दूर गेलेले. ते घरी परततात तेव्हा त्यांना काही माहीत नसतं. पडझड झालेल्या घरात उभे राहून ते आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला दाखवू लागतात. सर्वजया गप्प. मग ते दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतात. सर्वजया ती तोंडाशी धरते आणि कोसळते. तिचा हंबरडा मात्र आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा सूर आहे. संगीत रविशंकर यांचं. अभिनेत्रीचा आवाज काढून टाकून तिथे वाद्य ठेवायचं, हा निर्णय मी कामाला लागल्यावर कितीतरी वेळा त्या टेबलावर बसून मनात उलगडून पाहिला आहे. रडणं ऐकू आलं असतं तर आपण एका बाईचं रडणं ऐकलं असतं. ते काढल्यावर प्रत्येकाला आपल्या ओळखीचा आवाज तिथे ऐकू येतो.

दुसरी जागा शेवटाजवळची. शेजारणीने दुर्गावर मण्यांची माळ चोरल्याचा आळ घेतलेला असतो, आणि दुर्गाने ‘मी नाही घेतली’ असं सांगितलेलं असतं. घर सोडून जायची आवराआवर चालू असताना अपूला फळीवरच्या करवंटीत ती माळ सापडते. तो धावत जातो आणि ती तळ्यात फेकून देतो. पाण्यावरचं शेवाळ फाटतं, काळं पाणी दिसतं आणि मग शेवाळ हळूहळू पुन्हा जुळू लागतं. कॅमेरा थांबून राहतो. संकलक दुलाल दत्त यांनी तिथे दोन सेकंद आधी कट मारला असता तर ‘मुलाने माळ फेकली’ एवढी बातमी उरली असती. भावाने बहिणीची लाज कायमची झाकली, हे त्या उरलेल्या सेकंदांत घडतं.

सत्यजित राय यांचा हाही पहिलाच चित्रपट (१९५५). छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी त्याआधी चित्रपटाचा कॅमेरा हाताळलेला नव्हता. राय १९५० मध्ये लंडनला गेले असताना त्यांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला आणि असाच चित्रपट करायचा हे त्यांच्या मनाने घेतलं. पैसे संपत, काम थांबे, पुन्हा सुरू होई. शेवटी पश्चिम बंगाल सरकारच्या पैशांतून तो पुरा झाला. कासाच्या फुलांच्या रानातून मुलं आगगाडी पाहायला धावतात ते दृश्य अर्धं झालं आणि पुढच्या वेळी जाऊन पाहतात तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. फुलं पुन्हा येईपर्यंत वर्षभर थांबावं लागलं. चित्रपटाचा वेग अशा थांबण्यातून आलेला आहे.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि एका बैठकीत पाहा. तुकडे करून पाहिलात तर हाती काहीच लागणार नाही. तरीही मन लागलं नाही तर बिनदिक्कत बंद करा आणि काही वर्षांनी पुन्हा लावा. जपानी दिग्दर्शक ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’बद्दल (१९५३) मी पंचविशीतल्या माणसाला आग्रहच करत नाही. म्हातारे आईवडील मुलांना भेटायला शहरात येतात, मुलं आपापल्या कामात असतात, मग त्यांना अतामी नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवून देतात. तिथे रात्रभर तरुण मंडळींचा गोंगाट, दोघांना झोप नाही. सकाळी समुद्राच्या बांधावर दोघं शेजारी शेजारी बसतात. मुलं दुष्ट नाहीत, हेच त्या चित्रपटातलं सर्वांत अवघड सत्य आहे. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेला जेवढं दिसेल तेवढ्या उंचीवर कॅमेरा आहे आणि तो जवळपास हलतच नाही. ज्यांच्या घरात आता आईवडील थकले आहेत किंवा ज्यांची मुलं दूर आहेत, त्यांनी आज रात्रीच पाहावा.

प्रश्न: ‘सिटिझन केन’ जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट म्हणून पाहिला. चांगला वाटला, पण एवढं काय आहे त्यात?

‘सर्वश्रेष्ठ’ हे लेबल लावून पाहिलात, तिथेच त्याचं नुकसान झालं. शिवाय १९४१ नंतरच्या दिग्दर्शकांनी त्यातलं इतकं उचललं आहे की ते सगळं तुम्ही आधीच दुसरीकडे पाहून बसला आहात.

दोन दृश्यं पुन्हा काढून पाहा. एक, नायक केनच्या लहानपणचं. आई टेबलाशी बसून मुलाला दुसऱ्याच्या ताब्यात देण्याच्या कागदावर सही करते आहे, बाप मध्ये उभा राहून कुरकुरतो आहे आणि पार मागे, खिडकीच्या चौकटीत, मुलगा बर्फात खेळतो आहे. तिन्ही अंतरांवरची माणसं एकाच वेळी स्पष्ट दिसतात. हे काम छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांचं. एरवी संकलक काय करतो? सहीचा जवळून शॉट, बापाचा चेहरा, मग खिडकीतला मुलगा. तीन कट, तीनदा सांगणं की आता इथे बघा. इथे एकही कट नाही. मुलाचं भवितव्य ठरतंय आणि तो आपला बर्फाचे गोळे फेकतोय, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी शोधता.

दुसरं, न्याहारीचं टेबल. वर्तमानपत्राचा मालक झालेल्या केनचं पहिलं लग्न कसं विस्कटलं हे अडीच मिनिटांच्या आत सांगितलं आहे. पहिल्या तुकड्यात नवरा-बायको लाडात बोलताहेत. कॅमेरा सपकन फिरतो, चित्र पुसट होतं, पुन्हा तेच टेबल, काही काळ पुढे गेलेला. कपडे बदललेले, बोलण्यात धार आलेली. पुन्हा सपकन. शेवटच्या तुकड्यात कुणीच बोलत नाही. तो आपलं वर्तमानपत्र वाचतोय आणि ती प्रतिस्पर्ध्याचं. संकलक होते रॉबर्ट वाइज, ज्यांनी पुढे ‘द साउंड ऑफ म्युझिक’ दिग्दर्शित केला. संकलन शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला मी हा भाग आवाज बंद करून दाखवत असे, एक शब्द ऐकू न येता सगळं कळतं.

दिग्दर्शक ऑर्सन वेल्स तेव्हा २५ वर्षांचे होते. कॅमेरा खूप खालून लावायचा म्हणून त्यांनी सेटला कापडाची छतं बांधली आणि मायक्रोफोन त्या कापडामागे लपवले. हे सारं कळूनही तुम्हाला नुसता आदरच वाटला, तर तेवढंही पुरे. प्रेम ‘टोकियो स्टोरी’वर करा.

प्रश्न: जुना चित्रपट टीव्हीवर लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. घरचे म्हणतात झूम करा. रंगीत केलेली आवृत्ती मिळत असेल तर ती पाहावी का?

झूम करू नका. १९५३ च्या सुमारास रुंद पडदा आला, तोवर चित्रपटाची चौकट साधारण चारास तीन या प्रमाणाची होती. आजचा टीव्ही सोळास नऊ. पडदा भरायचा तर वरचा आणि खालचा भाग कापावा लागतो, आणि चित्र नुसतं ताणलं तर माणसं बुटकी, जाडी दिसतात. काळ्या पट्ट्या राहू द्या, पाच मिनिटांत दिसेनाशा होतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, ती बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सनी चित्रित होतो. टीव्ही त्यांच्या मध्ये स्वतःच्या मनाने फ्रेम्स तयार करून घुसवतो आणि कोणताही अभिजात चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. काही टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो लावला की हे आपोआप बंद होतं.

रंगांचं म्हणाल तर ‘मुग़ल-ए-आज़म’चं उदाहरण घ्या. १९६० मध्ये तो बहुतांशी कृष्णधवल होता आणि मोजका भागच रंगीत. शीशमहालातलं ‘प्यार किया तो डरना क्या’ त्या रंगीत भागातलं. तास-दोन तास काळ्या-पांढऱ्यात घालवल्यावर अचानक आरशांचा महाल रंगांनी पेटतो, आणि नेमक्या त्याच वेळी अनारकली भर दरबारात निर्भय होते. २००४ मध्ये सगळाच चित्रपट रंगीत करून प्रदर्शित केला गेला. काम मेहनतीचं होतं, नव्या पिढीने तो त्यामुळे पाहिला, हे मी मानते. पण सगळंच रंगीत झाल्यावर तो क्षण बाकीच्या क्षणांसारखा झाला. मूळ आवृत्ती पाहा.

पुनरुज्जीवित प्रत मिळत असेल तर मात्र जरूर ती निवडा. राय यांच्या अपूत्रयीच्या (‘पथेर पांचाली’ आणि अपूच्या पुढच्या आयुष्यावरचे दोन चित्रपट) मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळल्या. एरवी त्या फेकून दिल्या गेल्या असत्या. त्या जपून ठेवल्या गेल्या आणि पुढे इटलीतल्या बोलोन्यात तंत्रज्ञांनी ठिसूळ, आकसलेली फिल्म हाताने सोडवून, पुन्हा लवचिक करून, फ्रेम फ्रेम करत वाचवली. जिथे निगेटिव्ह पूर्ण गेली होती तिथे इतर चांगल्या प्रती वापरल्या. २०१५ मध्ये त्या नव्या प्रती पडद्यावर आल्या. मी आयुष्यभर फिल्म हाताळली आहे, जळकी फिल्म बोटांत कशी भुगा होते ते मला माहीत आहे. त्या माणसांपुढे मी मनापासून हात जोडते.

प्रश्न: मराठीतले कोणते? की हे सगळं परदेशीच?

‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘सामना’ (१९७४). आणखी नावं आहेत, पण एवढे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘संत तुकाराम’ भक्तिपट म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांना एकच विनंती, जिजाईकडे पाहा. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम देवात रमलेला आहे आणि त्या रमण्यावर चित्रपटाचा पूर्ण विश्वास आहे. पण घरात धान्य नाही, पोर आजारी आहे, आणि हे सगळं जिजाईच्या डोक्यावर. गौरी या अभिनेत्रीने तिला कुठेही कजाग बायकोच्या साच्यात जाऊ दिलेलं नाही. तिचा संताप खरा, तिचं नवऱ्यावरचं प्रेमही तितकंच खरं. ती तणतणत देवळात जाते आणि थेट विठोबावर वहाण उगारते. भक्तीवरच्या चित्रपटात देवाला जाब विचारणारी बाई एवढ्या मानाने उभी केलेली आहे. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी जे साधलं, त्याची दखल १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात घेतली गेली. त्यातलं ‘आधी बीज एकले’ हे तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे. ते इतकं एकजीव झालं की जाणकारही फसले.

‘कुंकू’ पाहताना कान उघडे ठेवा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, ही गोष्ट. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलंच नाही. घड्याळाची टिकटिक, दाराचा आवाज, पावलं, बाहेरून येणारी गाणी. वयात आलेल्या मुलीला एका घरात कोंडलं की घर कसं ऐकू येतं, ते शांता आपट्यांच्या चेहऱ्यासोबत ऐका. आज अर्धा सेकंद शांतता गेली की आम्हाला व्हायोलिन घालायला सांगतात. १९३७ मध्ये या लोकांनी ती शांतता ठेवायचं धाडस केलं.

‘सामना’विषयी थोडक्यात. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू. मारुती कांबळेचं काय झालं, हा एकच प्रश्न मास्तर विचारत राहतात आणि हिंदूराव पाटलांच्या वैभवाला चिरा पडू लागतात. पाहून संपल्यावर वर्तमानपत्र वाचा.

प्रश्न: ‘सायको’चा शेवट मित्राने आधीच सांगून टाकला. आता पाहण्यात अर्थ आहे का?

आहे. हिचकॉकने १९६० मध्ये ‘चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये’ अशी अट घातली होती, तेव्हा तुमची चुटपुट रास्तच. पण गुपित कळल्यावर पडून जाईल असा हा चित्रपट नाही. न्हाणीघरातल्या दृश्याला शूटिंगचे ७ दिवस लागले आणि पडद्यावर ते मिनिटभराच्या आत संपतं. हात, सुरी, पाणी, तोंड, पडदा, पुन्हा सुरी. सुरी अंगात शिरताना तुम्ही पाहिलीत अशी तुमची खात्री असेल, पण ते तुकडे जोडून तो वार तुमच्या मनाने पूर्ण केलेला असतो. हिचकॉकला इथे संगीत नको होतं. बर्नार्ड हरमन यांनी तरीही रचून ऐकवलं आणि ते राहिलं. संपूर्ण चित्रपटात फक्त तंतुवाद्यं आहेत. शेवट माहीत असलेला माणूस हे सगळं निवांत पाहू शकतो.

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्याबरोबर बसून पाहण्यासारखं काही सुचवा. मूक चित्रपट दाखवला तर माणसं भराभर पळतात म्हणून ती हसते.

आधी ते पळणं. मूक चित्रपटांचा कॅमेरा बऱ्याचदा हाताने फिरवत, सेकंदाला १६ ते २० फ्रेम्सच्या आसपास. तीच फिल्म २४ च्या वेगाने चालवली की माणसं धावू लागतात. ती माणसं तशी चालत नव्हती. योग्य वेगाने तयार केलेली प्रत मिळवा, फरक लगेच कळेल.

तिला ‘द रेड बलून’ (१९५६) दाखवा. अल्बेर लामोरिस यांचा ३४ मिनिटांचा चित्रपट, संवाद जवळपास नाहीतच. पॅरिसमधला एक मुलगा आणि त्याच्या मागे मागे येणारा लाल फुगा. मुलाचं काम दिग्दर्शकाच्या स्वतःच्या मुलाने केलं आहे. करड्या रस्त्यांवर तो एकच लाल ठिपका डोळ्याला कसा ओढत नेतो, ते तिला न सांगता कळेल.

मग अब्बास कियारोस्तामी यांचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ (१९८७). आठेक वर्षांच्या अहमदच्या दप्तरात चुकून वर्गमित्राची वही आलेली आहे. उद्या गृहपाठ वहीत नसेल तर मित्राला शाळेतून काढतील. मित्राचं घर शेजारच्या गावात, कुठे ते माहीत नाही, आणि मोठी माणसं ऐकूनच घेत नाहीत. तो आईला पुन्हा पुन्हा सांगतो आणि ती पुन्हा पुन्हा म्हणते, आधी अभ्यास कर. एवढ्याशा वहीसाठी तुमची धडधड वाढेल. मुलं या चित्रपटात मोठ्यांपेक्षा आधी शिरतात, कारण आपलं कुणी ऐकत नाही हा अनुभव त्यांना रोजचा आहे. पाहून झाल्यावर तिला ‘तात्पर्य काय’ असं विचारू नका.

प्रश्न: जुन्या गाजलेल्या चित्रपटांत स्त्रियांचं, कृष्णवर्णीयांचं चित्रण इतकं वाईट असतं की राग येतो. ‘अभिजात’ म्हणून हे गिळायचं का?

मुळीच नाही. ग्रिफिथ यांच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मध्ये (१९१५) संकलनाची जी साधनं एकत्र आली ती पुढे सगळ्या जगाने वापरली, आणि तोच चित्रपट कू क्लक्स क्लानला, म्हणजे कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेला, तारणहार म्हणून दाखवतो. त्याच्या प्रदर्शनानंतर ती संघटना पुन्हा उभी राहिली. दोन वेगवान कृती आलटून पालटून दाखवून प्रेक्षकाचा श्वास रोखायचा, हे तंत्र तिथे द्वेषाच्या कामाला जुंपलं आहे. संकलनाचा विद्यार्थी असाल तर तंत्र असं कसं जुंपलं जातं, हे पाहण्यासाठी पाहा. नसाल तर तुमच्या आयुष्यातले तीन तास त्याला देण्याची काही गरज नाही.

‘गॉन विथ द विंड’ (१९३९) वेगळा. गुलामगिरीचं गोड चित्र त्यात आहेच. पण मॅमी या गुलाम दाईच्या भूमिकेतल्या हॅटी मॅकडॅनियल यांच्याकडे बघा. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत, आणि त्या सोहळ्यात त्यांना बाकी कलाकारांपासून वेगळ्या टेबलाशी बसवलं होतं. हे माहीत ठेवून पाहिलं की त्यांच्या प्रत्येक दृश्यात लिहून दिलेल्या भूमिकेपेक्षा किती मोठी बाई उभी आहे हे दिसतं. राग येऊ द्या. राग घेऊनही चित्रपट पाहता येतो.

प्रश्न: वडिलांना कमी ऐकू येतं आणि खाली येणारी अक्षरं वाचेपर्यंत निघून जातात. त्यांना सिनेमाचं फार वेड होतं. काय दाखवू?

मूक चित्रपट. कितीतरी उत्तम चित्रपट ऐकू न येणाऱ्या माणसालाही पुरेपूर पोचतात. मधूनमधून येणाऱ्या अक्षरांच्या पाट्या थोड्या असतात आणि बराच वेळ थांबतात.

पहिला ‘सिटी लाइट्स’ (१९३१). तोवर बोलपट येऊन स्थिरावले होते, तरीही चॅप्लिनने तो मूकच ठेवला. आंधळी फुलवाली चॅप्लिनने रंगवलेल्या भटक्याला श्रीमंत माणूस समजते, हे शब्दांशिवाय दाखवायचं कसं, यावर चॅप्लिन अडून बसले होते. ते दृश्य त्यांनी शेकडो वेळा घेतलं. उत्तर सापडलं ते मोटारीच्या दारात: भटका गर्दीतून वाट काढायला उभ्या मोटारीत एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो, दार आपटल्याचं तिला ऐकू येतं. मूक चित्रपटात आवाजावर बेतलेला प्रसंग, आणि वडिलांना तो दिसेल. शेवटच्या दृश्याच्या वेळी त्यांच्याशी बोलू नका.

दुसरा ‘द जनरल’ (१९२६). बस्टर कीटन, एक आगगाडीचं इंजिन आणि पाठलाग. जळत्या पुलावरून नदीत कोसळणारी आगगाडी खरीखुरी आहे, छोटी प्रतिकृती नाही, त्यामुळे दुसरी संधी नव्हतीच. तिसरा कार्ल ड्रायर यांचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८), पण वडिलांचं मन घट्ट असेल तरच. तो जवळजवळ पूर्ण चेहऱ्यांचा चित्रपट आहे. मूळ आवृत्ती हरवली असं समजत होते आणि १९८१ मध्ये ती ऑस्लोतल्या एका मनोरुग्णालयात सापडली. फाल्कोनेत्ती या अभिनेत्रीच्या डोळ्यांकडे पाहताना कुठल्याही पाटीची आठवण येत नाही.

टीव्हीपासून नेहमीपेक्षा जवळ बसवा, खोलीतला दिवा बंद करा आणि पहिल्या दिवशी एकच दाखवा. संगीताचा आवाज थोडा मोठा ठेवा, शब्द कळत नसले तरी ठेका त्यांना कळेल.